सतरा वर्षांनी आलेले सिकाडा: एका गल्लीत कान फुटतायत, दुसरीत चिटपाखरू नाही

मृण्मयी_इलिनॉय
४ जून २०२४, सकाळी ९:१०

शिकागोजवळच्या डाउनर्स ग्रोव्हच्या जुन्या भागात माझी मैत्रीण राहते. गेल्या आठवड्यापासून दुपारी तिच्याशी फोनवर बोलणं अशक्य झालंय. ती मागच्या डेकवर आली की तिचं बोलणं बुडून जातं आणि फक्त सिकाडांचा, म्हणजे जमिनीतून वर येऊन झाडांवर गाणाऱ्या कीटकांचा, आवाज ऐकू येतो. आम्ही नेपरव्हिलच्या दक्षिणेला राहतो, गाडीनं जेमतेम वीसेक मिनिटांवर. इथे एकही नाही. झाडाला कात चिकटलेली नाही, जमिनीत भोक नाही, आवाजाचं तर नावच नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यांची पिल्लं वर्षानुवर्षं जमिनीत झाडांच्या मुळांवर जगतात आणि ठरलेल्या वर्षी सगळी एकदम वर येतात. अशा एकत्र वर येणाऱ्या पिढीला ‘ब्रूड’ म्हणतात. उत्तर इलिनॉयमध्ये यंदा ‘ब्रूड १३’ जमिनीतून वर आलंय. याआधी ते २००७ मध्ये आलं होतं, यानंतर २०४१ मध्ये येईल. इलिनॉयच्या दक्षिण भागात आणि खालच्या अनेक राज्यांत तेरा वर्षांचं ‘ब्रूड १९’ पण याच वर्षी आलंय. ही दोन ब्रूड एकाच वर्षी येण्याचा योग याआधी १८०३ साली आला होता आणि पुढचा २२४५ मध्ये आहे. बातम्यांमध्ये सगळा भर या योगावर आहे. मला मात्र ही शांत गल्ली जास्त छळतेय.

आमची सबडिव्हिजन (नव्या घरांची वसाहत) झाली त्याआधी इथे मक्याची शेतं होती. शंभराहून जास्त वर्षं नांगर फिरला, मग बुलडोझर फिरला, मग नर्सरीतून आणलेली रोपं लागली. मैत्रिणीच्या गल्लीत घरांपेक्षा ओक जुने आहेत. मला वाटतं, या महिन्यात कुणी गाडी काढून गल्लीगल्लीत फक्त आवाज टिपत हिंडलं, तर शिकागोच्या उपनगरांत कुठली माती न उकरता राहिली त्याचा नकाशा आपोआप तयार होईल. तुमच्याकडे काय चित्र आहे? पत्ता नको, फक्त गाव आणि वस्ती जुनी की नवी एवढं लिहा.

अनघा_आरएन
४ जून, दुपारी ४:३५

रिव्हरसाइड. वस्ती जुनी, झाडं जुनी, आवाज प्रचंड.

मी रात्रपाळीची नर्स आहे. सकाळी आठनंतर घरी येते आणि नऊ ते तीन झोपते. म्हणजे नेमकं ते गातात तेव्हाच. इअरप्लग घातले, पंखा लावला, खिडक्यांवर जाड पडदे लावले, तरी तो आवाज भिंतीतून येतो. निसर्गाचा चमत्कार वगैरे मला मान्य आहे, पण आयसीयूमध्ये औषधाचा डोस मोजताना माझे डोळे मिटतात ही त्याहून गंभीर गोष्ट आहे. शेजाऱ्यांनी फवारणीवाल्याला बोलावलंय. आम्हीही करून घ्यावी का, असा घरात विषय चाललाय. कृपया कुणी नीट माहिती असलेलं सांगा.

कीटकवेध
४ जून, संध्याकाळी ७:०२

अनघाताई, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. फवारणी करू नका, तुमची झोप तिनं परत येणार नाही. जमिनीतून वर यायचं काम जवळपास संपलंय. आता जे गातायत ते झाडांच्या शेंड्यांत आहेत. तुमच्या दोन झाडांवरचे मेले तरी शेजारच्या दहा झाडांवरचे तिथे येऊन बसतील. मरतील त्या मधमाश्या, फुलपाखरं आणि या दिवसांत सिकाडांवर पिल्लं पोसणारे पक्षी.

झोपेसाठी तळघर वापरा. इथल्या बहुतेक जुन्या घरांना ते असतं, आणि मातीच्या आड हा आवाज फारसा पोचत नाही. गाद्या खाली न्या. अजून साधारण तीन आठवडे काढायचे आहेत. जूनअखेर सगळं शांत होईल. ढगाळ, गार, पावसाच्या दिवशी ते जवळपास गप्पच असतात, तेव्हा हवामानाचा अंदाज बघून तुमच्या सुट्ट्या बसवता आल्या तर बघा. अंधार पडला की हे सिकाडा थांबतात. रात्री जी किरकिर ऐकू येते ती रातकिड्यांची, ते पंखावर पंख घासून वाजवतात.

सिकाडाची तऱ्हा वेगळी. नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांसारख्या उंचवट्यांचा एकेक पडदा असतो. आतला स्नायू तो ओढतो तेव्हा पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबल्यावर ‘टक्’ वाजतं तसा एकेक उंचवटा आत दबतो, सोडला की परत बाहेर येतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. नराचं पोट जवळजवळ पोकळ असतं, त्यामुळे आवाज तिथे घुमून मोठा होतो. एका झाडावर हजारो नर बसले की ९० डेसिबलच्या वर जातं. मादीला हे पडदे नसतात. ती नराचं गाणं संपल्याबरोबर पंख एकदाच झटकते, तेवढाच तिचा होकार. घरी मुलं असतील तर करून बघा: गाणाऱ्या नराजवळ, त्याचा सूर संपला की लगेच हलकी चुटकी वाजवा. तो तुमच्या बोटाकडे चालत येतो.

ब्रूड १३ मध्ये तीन जाती एकत्र आहेत. सेप्टेंडेसिमचा आवाज खालच्या पट्टीतला, एकसुरी, दुरून येणारी गुणगुण. कॅसिनीचा चिरका: आधी टकटक, मग सुईसारखा वर चढणारा सूर, आणि भर दुपारी सगळे नर एकाच लयीत लाटेनं गातात. तिसरी सेप्टेंडेक्युला, तिची टिकटिक बाकीच्यांत हरवते. रिव्हरसाइड नदीकाठचं गाव आहे. सखल, ओलसर जंगल ही कॅसिनीची आवडती जागा, त्यामुळे तुमच्या वाट्याला चिरका आवाज आला असणार.

बाल्टिमोरकर
४ जून, रात्री १०:२०

आम्ही हे २०२१ मध्ये भोगलंय आणि जगलोय, ब्रूड १०. मी मेरीलँडमधल्या एलिकॉट सिटीत राहतो. फवारणीचा विषय निघाला म्हणून इथल्याच एका माणसाची आठवण सांगतो.

बेंजामिन बॅनेकर हे अठराव्या शतकातले कृष्णवर्णीय शेतकरी आणि खगोलअभ्यासक. स्वतः पंचांग तयार करायचे. आमच्या घराजवळच त्यांची शेती होती. १७४९ मध्ये ते सतरा-अठरा वर्षांचे असताना सिकाडा आले. हे आता सगळी फळझाडं खाऊन टाकणार म्हणून त्यांनी मारायचा सपाटा लावला. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की मारून संपणारे हे नाहीत आणि झाडांचं तसं काही बिघडतही नाही. पुढे १७६६ मध्ये आले, १७८३ मध्ये आले, आणि १८०० मध्ये परत येतील हे त्यांनी आधीच लिहून ठेवलं. प्रयोगशाळा नाही, विद्यापीठ नाही. एका जागी राहून, एकच जमीन कसत, आयुष्यभर नोंद ठेवणारा माणूस. आपण इथे पाच वर्षांत घर बदलतो, आपल्याला सतरा वर्षांची गोष्ट दिसणार कशी?

२१ मध्ये आमच्याकडेही हाच पट्ट्यापट्ट्यांचा प्रकार होता. जुन्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नाही, नव्या टाउनहोम्समध्ये काही नाही.

देवाचंरान
५ जून, सकाळी ८:०५ (भारत)

मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे सतरा वर्षांचं काही नसतं. आमचे सिकाडा दर वर्षी येतात. जमिनीत तेही काही वर्षं काढतातच, पण दर वर्षी कुठली ना कुठली पिढी वर येते, म्हणून खंड पडत नाही. आंबा उतरत आला, हवेत पावसाचा दमटपणा आला की तिन्हीसांजेला देवराईतून आवाज चढायला लागतो. पाटावरून चालताना शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. माझे आजोबा हा आवाज ऐकून कौलं शाकारायची राहिलीत का ते बघायचे.

मृण्मयीताई, तुमचं नकाशाचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं, कारण आमच्या गावात तो नकाशा मी रोज ऐकतो. देवराईत कोयता चालवायचा नाही, पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, हा पूर्वापारचा रिवाज. तिथे आवाज आहे. त्याच्या वरच्या उतारावर पूर्वी मिश्र रान होतं. जेसीबी लावून सगळा उतार साफ केला, पायऱ्या काढल्या, रबर लावलं. आता रबराची झाडं चांगली उंच झालीत, लांबून बघणाऱ्याला ते जंगलच वाटतं. मेमध्ये तिथे जाऊन उभं राहा, काही ऐकू येत नाही. मधे फक्त एक पायवाट आहे: एका बाजूला कान किटतात, दुसऱ्या बाजूला पानही वाजत नाही.

झाडं किती लावली हे सगळे मोजतात. माती किती उलथली हे कुणी मोजत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

शाल्मली१९
५ जून, सकाळी ११:५०

फार छान धागा. माझा बालिश वाटेल असा प्रश्न: जमिनीखाली अंधारात बसून ते सतरा वर्षं मोजतात कशी?

कीटकवेध
५ जून, रात्री ८:१५

प्रश्न अजिबात बालिश नाही, लोकांनी आयुष्यं घालवलीत त्यावर. पिल्लं मुळांतला पाणीदार रस पितात. वसंतात झाडाला पालवी फुटते तेव्हा त्या रसातली साखर आणि अमिनो आम्लं बदलतात, आणि तो बदल त्यांना कळतो. कॅलिफोर्नियात रिचर्ड कार्बन आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला आणि तो २००० साली छापून आला. पंधरा वर्षांची पिल्लं त्यांनी पीचच्या झाडांच्या मुळांशी नेऊन ठेवली आणि काही झाडांना एकाच वर्षात दोनदा बहर आणवला. त्या झाडांखालचे सिकाडा एक वर्ष आधी बाहेर आले. म्हणजे ते झाडाचे बहर मोजतात. मोजलेला आकडा शरीरात कुठे साठतो, हे मात्र अजून कोडं आहे.

कधी कधी मोजणी चार वर्षांनी चुकते. २०२० मध्ये शिकागोच्या उपनगरांत ब्रूड १३ मधलेच काही चार वर्षं आधी आले होते.

वर्ष ठरलं की दिवस माती ठरवते. साधारण वीत-सव्वावीत खोलीवर माती १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली आणि त्यावर एखादी कोमट सर आली, की त्या संध्याकाळी सगळे निघतात. सगळ्यांनी एकदम निघणं हाच त्यांचा बचाव. त्यांना ना नांगी, ना विष, ना चपळाई. पक्षी, खारी, रॅकून, कुत्री पोट फुटेस्तोवर खातात आणि तरी लाखो उरतात.

पूर्वांचल_प्रवासी
६ जून, सकाळी ७:४०

नोकरीनिमित्त शिलाँगला होतो तेव्हाची भर घालतो. मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात एक सिकाडा दर चार वर्षांनी येतो, क्रेमिस्टिका रिभोई. शास्त्रीय नाव मिळालं २०१३ मध्ये, पण सैदेन गावाला तो कितीतरी पिढ्या ठाऊक आहे. तिथे त्याला नियांगतासेर म्हणतात. फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या वर्षीच येतो: २०१४, २०१८, २०२२. पुढचा २०२६. रात्री मशाली घेऊन माणसं बांबूच्या रानात जातात आणि नुकते कात टाकलेले, मऊ असतानाच वेचतात. तळून खातात, उरलेले मासे पकडायला आमिष म्हणून वापरतात.

आवडलेली गोष्ट ही, की तिथे ते रान राखण्यामागे हा कीटकही एक कारण आहे. पुढच्या खेपेला यावा असं वाटत असेल तर बांबू आणि माती जपावी लागते.

सुगरण_ओहायो
६ जून, सकाळी ९:२५

खाण्याचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाचं: ज्यांना कोळंबी, खेकड्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी सिकाडा तोंडात घालू नयेत. २०२१ मध्ये इथल्या एफडीएनं तसा जाहीर इशारा दिला होता. दोघांचं कूळ लांबून एकच. आणि कुत्र्यांबद्दल: एखाद-दुसरा खाल्ला तर काळजी नाही, पण आमचा मोत्या पोटभर खाऊन रात्रभर ओकत होता. फिरवताना पट्टा आखूड धरा.

मृण्मयी_इलिनॉय
८ जून, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुलांना घेऊन विल काउंटीतल्या रॅकून ग्रोव्हला गेलो होतो. या छोट्याशा रानाला सिकाडांच्या अभ्यासात मोठं स्थान आहे. १९५६ च्या खेपेला शिकागोच्या फील्ड म्युझियमचे हेन्री डायबस आणि ड्वाइट डेव्हिस यांनी इथे जमिनीतली भोकं मोजली. नदीकाठच्या सखल भागात एकरी पंधरा लाखांचा हिशेब निघाला. म्हणजे एका चौरस मीटरला साडेतीनशेच्या वर! आज तिथे उभं राहिल्यावर तो आकडा खरा वाटला. आवाज कानानं नाही, छातीनं ऐकू येत होता. धाकट्यानं चुटकीचा प्रयोग केला आणि एक नर खरंच त्याच्या हातावर चढून आला. मोठीला काहींच्या पोटाचा शेवट झडून तिथे खडूसारखं पांढरं काहीतरी दिसलं. ते काय?

आणि एक विचारते. थोडे सिकाडा डब्यात घालून आमच्या सबडिव्हिजनमध्ये सोडले तर? २०४१ मध्ये इथेही आवाज येईल का?

रोहन_ऑरोरा
८ जून, रात्री १०:०५

मीही हाच विचार करत होतो! आमच्याकडे आता झाडं बरी वाढलीत. बादलीभर आणून सोडायला काय हरकत आहे? नष्ट होण्यापेक्षा पसरलेले बरे.

कीटकवेध
८ जून, रात्री ११:४०

भावना समजते, पण नका करू. बादलीभर सोडले तर पहिल्याच दिवशी पक्षी फडशा पाडतील, कारण त्यांचं संरक्षण संख्येतच आहे. दुसरं, ब्रूडच्या सीमांची नोंद शंभराहून जास्त वर्षं चालू आहे. १८९८ मध्ये कीटकतज्ज्ञ चार्ल्स मार्लेट यांनी ब्रूडना रोमन आकडे दिले, तेव्हापासून लोक काउंटीकाउंटीतून नोंदी पाठवतायत. एखाद्या ठिकाणी नवे सिकाडा दिसले तर ते आपणहून सरकले की कुणी आणून सोडले, हे कळलं नाही तर ती सगळी मेहनत बिघडते. त्यापेक्षा ‘सिकाडा सफारी’ अ‍ॅपवर फोटो टाका. सिनसिनाटीच्या जीन क्रिट्स्की यांचं काम आहे ते. आणि मृण्मयीताई, तुमच्या शांत गल्लीचीही वहीत नोंद ठेवा. २०४१ मध्ये तिची किंमत कळेल.

ते स्वतःहून सरकतात, पण हळू. मादी फार लांब उडत नाही. जुन्या रानाला लागून तुमची झाडं असतील तर कडेकडेनं एका खेपेला थोडी थोडी वस्ती पुढे जाते. मात्र मागे सरकणं झपाट्यानं होतं. कनेक्टिकटमधलं ब्रूड ११ शेवटचं दिसलं १९५४ मध्ये, त्यानंतर ते कुणाला दिसलं नाही.

पांढरं दिसलं ती मॅसोस्पोरा बुरशी. ती सिकाडाच्या पोटाचा मागचा भाग खाते, तरी तो हिंडत राहतो. लागण झालेले काही नर तर मादीसारखे पंख झटकून दुसऱ्या नरांना जवळ बोलावतात आणि बुरशी पसरते. माणसाला त्यापासून काही होत नाही, हात धुतले की झालं.

अनघा_आरएन
१२ जून, सकाळी ८:५०

तळघरात झोपतेय. पहिल्यापेक्षा बरंच बरं. फवारणीवाल्याला नको सांगितलं. शेजाऱ्यांनी केली, त्यांच्या झाडांवरचा आवाज दोन दिवसांत होता तेवढा झाला, म्हणजे कीटकवेध म्हणाले तसंच. पण मला हा आवाज अजूनही आवडत नाही आणि आवडायला पाहिजे असं मला वाटतही नाही. ते त्यांचं आयुष्य जगतायत, मी माझं. तीन आठवडे मी खाली झोपू शकते. त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही, एवढं मात्र मला पटलंय.

देवाचंरान
१२ जून, संध्याकाळी ७:३० (भारत)

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. आवडलं तरच जपायचं असं ठरलं असतं तर आमच्या देवराईतलं निम्मं रान गेलं असतं. तिथे साप आहेत, काटे आहेत, जळवा आहेत.

मृण्मयी_इलिनॉय
२४ जून, सकाळी १०:१५

मैत्रिणीकडे आवाज आता निम्म्यावर आलाय. ओकच्या फांद्यांची टोकं तपकिरी होऊन लोंबायला लागलीत. झाडं मरतायत म्हणून लोक घाबरलेत, काहींनी छाटायलाही घेतलीत. छाटावीत का?

कीटकवेध
२४ जून, दुपारी १:००

मोठ्या झाडांची अजिबात छाटू नका. मादी पेन्सिलीएवढ्या फांदीला चिरा पाडून आत अंडी घालते, त्यामुळे टोक वाळतं. मोठ्या झाडाला ती हलकी छाटणीच. अंडी सहा ते दहा आठवड्यांत फुटतात, भाताच्या शितापेक्षाही बारीक पिल्लं खाली पडतात आणि जमिनीत शिरतात. आता छाटून कचऱ्याच्या गाडीत टाकलं तर २०४१ ची पिढीच कचऱ्यात जाईल. नुकत्या लावलेल्या, अंगठ्याएवढ्या खोडाच्या रोपांचा प्रश्न वेगळा. त्यांना मेमध्येच बारीक जाळी गुंडाळायला हवी होती, लाइलच्या मॉर्टन आर्बोरेटमनं त्यांच्या लहान झाडांना गुंडाळली तशी.

मृण्मयी_इलिनॉय
२५ जून, रात्री ९:४५

मग आता खरी निकड सांगते. मैत्रिणीच्या गल्लीच्या टोकाचं जुनं घर विकलं गेलंय. तिथे ते पाडून मोठं घर बांधायचा प्रस्ताव आहे. आवारात चार जुने ओक आहेत आणि या महिन्यात गल्लीतला सगळ्यात मोठा आवाज तिथूनच येत होता. नकाशात दोन ओक तोडायचे आहेत आणि तळघरासाठी मागचं जवळजवळ सगळं अंगण खोदायचंय. घर बांधू नका असं आमचं म्हणणं नाही. घर रस्त्याच्या बाजूला थोडं पुढे सरकवलं तर चारही ओक आणि त्यांच्या मुळांखालची माती वाचते, मैत्रिणीनं एका वास्तुविशारदाकडून तसं रेखाटन करून घेतलंय.

पुढच्या महिन्यात गावाच्या समितीपुढे सुनावणी आहे. नागरिकांना बोलायला काही मिनिटं मिळतात. आम्ही जमिनीतल्या भोकांचे फोटो, आवाजाचं रेकॉर्डिंग आणि ते रेखाटन घेऊन जातोय. डाउनर्स ग्रोव्ह, वेस्टमाँट, लाइल भागातलं कुणी येणार असेल तर मला निरोप पाठवा. डाउनर्स ग्रोव्हमध्येच राहणारं कुणी असेल तर उत्तमच, रहिवाशांच्या शब्दाला तिथे जास्त वजन असतं. कीटकवेध, अंडी आणि मुळांबद्दलची एक पानभर टिपण इंग्रजीत करून द्याल का?

कीटकवेध
२५ जून, रात्री १०:३०

उद्या रात्रीपर्यंत पाठवतो. सुनावणीलाही येईन.